क्रम उलटा करा

मुंबईतल्या इराणी बेकऱ्यांच्या फेरीवर जो लेख आलाय, त्यात आधी क्रॉफर्ड मार्केट, दुपारी कयानी आणि संध्याकाळी ग्रँट रोडचं मेरवान (दोन्ही इराणी बेकरी-कॅफे) असा क्रम दिलाय. तसं गेलात तर मावा केक मिळेल या आशेवर राहू नका. मेरवानचा मावा केक सकाळीच संपतो, त्यामुळे सुरुवात तिथूनच हवी. मग लोकलने मरीन लाइन्स. तिथून धोबी तलावाचं कयानी (1904 सालचं) चालत जवळ आहे आणि पुढे क्रॉफर्ड मार्केटही पायीच होतं.

मावा केक घरी नेणार असाल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवा. माव्यात ओल असते, मुंबईच्या दमट हवेत तो लवकर आंबतो.

ब्रूनबद्दल, म्हणजे कडक सालीच्या इराणी पावाबद्दल, लेखात चकार शब्द नाही, हे खटकलं. ब्रूनची खरी मजा सालीत, आणि लोक गरम ब्रून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून तीच घालवतात. आत वाफ धरते, साल चामड्यासारखी चिवट होते. कागदात गुंडाळा, तोंड उघडं ठेवा. चिवट झालाच तर दोन भाग करून कोरड्या तव्यावर मंद आचेवर 3-4 मिनिटं, झाकण न ठेवता. मस्का त्यानंतर, आणि हात आखडता न घेता. कापायला दातेरी सुरी घ्या. साध्या सुरीने साल फुटते, आतला पाव दबतो.

चहात बुडवल्यावर वर तुपाचे डोळे तरंगले पाहिजेत. नाही तरंगले तर मस्का कमी पडलाय.