चव गल्ल्यावर सांगा, पण मोरी कुणी बघायची?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर मोठं भांडण झालं, मी तिथं चार ओळी टाकल्या आणि गप्प बसले, पण विषय डोक्यातून जाईना म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी मूळची कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली, आता 11 वर्षं झाली वेल्समधे कार्डिफला आहे, हॉस्पिटलच्या लॅबमधे काम करते.

झालं असं की माझा भाचा, दादाचा मुलगा, 19 वर्षांचा, मित्रांबरोबर एका खानावळीत मटण ताट खायला गेला. खानावळीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. जेवण झाल्यावर हात धुवायला मागं गेला तर बेसिनच्या शेजारीच मोरी, उष्टी ताटं एकाच टबातल्या पाण्यात बुचकळून काढायचं चाललेलं, आणि त्याला लागून खाली जमिनीवर चिरलेल्या कांद्याचं घमेलं उघडं. यानं फोटो काढला, घरी येऊन दोन स्टार दिले आणि लिहिलं की तांबडा रस्सा एक नंबर होता पण मागची मोरी बघून पोटात ढवळलं. रात्री साडेदहाला मालकांचा दादाला फोन. मालक ओळखीचे, आमच्या आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, तालमीतले. "तुमच्या पोरानं आमची बदनामी केलीय" म्हणाले. दादानं पोराला झोपेतून उठवलं आणि रिव्ह्यू काढायला लावला.

मग ग्रुप पेटला. काकांचं म्हणणं, हॉटेल जेवढं कळकट तेवढी चव जास्त, मिसळ काय पांढऱ्या टेबलक्लॉथवर खायची असते काय. वहिनी म्हणाली पैसे मोजलेत तर बोलायचा हक्क आहे की नाही. आणि चुलतभाऊ म्हणाला, "कोल्हापूरचा हाईस न्हवं, मग तोंडावर सांगायचं, घरात बसून फोनवर लिहायचं कशाला?"

काकांच्या बोलण्यावर मी नंतर येते. चुलतभावाचं मला अर्धं पटतं, आणि कुठलं अर्धं ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहितेय.

आण्णा आम्हाला महिन्यातनं एकदा रविवारी लक्ष्मीपुरीतल्या एका खानावळीत न्यायचे. बिल द्यायला गल्ल्यावर गेले की बडीशेप तोंडात टाकता टाकता मालकांना सांगायचेच, "आज मटण जून होतं हो", नाहीतर "पांढऱ्यात आज खसखस जास्त पडली." मालक कधी रागावलेले मला आठवत नाहीत. "व्हय आण्णा, आज मालच तसा आला, पुढच्या रविवारी या, बघा" असं म्हणायचे आणि पुढच्या रविवारी खरंच न सांगता दोन जादा फोडी ताटात यायच्या. आणि चांगलं झालं तरी तेवढ्याच मोठ्यानं सांगायचं, सगळ्या खानावळीला ऐकू जाईल असं. त्या मताला किंमत होती कारण सांगणारा परत येणार हे मालकांना माहीत होतं आणि ऐकणारा बदलणार हे आण्णांना माहीत होतं.

आता इकडचं सांगते. इथं वेटर जेवणाच्या मधेच येऊन विचारतो, सगळं ठीक आहे ना, आणि अख्खं टेबल एका सुरात म्हणतं, अगदी छान, थँक्यू. अन्न गार असो, खारट असो, उत्तर तेच. मग बसमधे बसलं की फोन निघतो. मागं ऑफिसच्या लोकांबरोबर एका इंडियन रेस्टॉरंटमधे गेलो होतो, तिथं मेनूवर कोल्हापुरी नावाचं काहीतरी होतं, मी हौसेनं मागवलं तर ढोबळी मिरची, टोमॅटोची ग्रेव्ही आणि वर नुसती लाल मिरचीची पूड. शिवाय इथल्या पद्धतीप्रमाणे सोबत अर्धा भात अर्धे चिप्स, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी. सगळ्यांनी छान छान म्हणून टीप ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की त्यातल्याच एकीनं दोन स्टार टाकलेत. मला फार लागलं ते. पुढच्या आठवड्यात मी एकटी गेले आणि मालकांना गल्ल्यावर सांगितलं की कोल्हापुरीत सुकं खोबरं भाजून घालतात, कांदा-लसणाची चटणी लागते, नुसत्या तिखटानं कोल्हापुरी होत नाही. मालक सिल्हेटकडचे, बांगलादेशी, इथली कितीतरी इंडियन रेस्टॉरंटं त्यांच्याच लोकांनी उभी केलीत. ते म्हणाले, एवढ्या वर्षांत हे मला कुणी सांगितलंच नाही, इथं सगळे छान म्हणतात आणि मग स्टार कमी होतात आणि मी रात्री बसून शोधतो की माझं नेमकं काय चुकलं.

त्यामुळं चवीच्या बाबतीत चुलतभाऊ बरोबर. चव तोंडावरच सांगावी. आणि हल्ली कोल्हापूरच्या हॉटेलांवर ऑनलाइन जे लिहिलेलं असतं ते वाचून तर हे जास्तच पटतं. अंबाबाईच्या दर्शनाला आलेले लोक रील बघून ठरलेल्या चार ठिकाणी रांगा लावतात आणि मग एक स्टार देतात, का तर रस्सा पातळ होता. अहो तो पातळच असतो, वाटीनं प्यायचा असतो तो! पांढरा म्हणजे मटणाचं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू वाटून, तो दाट झाला तर त्याला पांढरा म्हणणार कोण. दुसरा एक स्टार म्हणजे लई तिखट. तिसरा म्हणजे मिसळीबरोबर पाव न देता ब्रेडच्या स्लाइस दिल्या. आणि उलट्या बाजूला ते रीलवाले, ज्यांना सगळंच नाद खुळा आणि सगळंच जगात भारी वाटतं, त्यांनी जेवणाचे पैसे दिले का फुकट जेवले हे कधी सांगत नाहीत. इंग्लंड-वेल्समधे एप्रिल 2025 पासून खोटे रिव्ह्यू आणि पैसे घेऊन ते न सांगता लिहिलेले रिव्ह्यू कायद्यानं बंद केलेत. आपल्याकडं 2022 मधे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी सरकारी मानक आलं पण ते पाळायचं की नाही हे कंपन्यांच्या मर्जीवर.

पण एक गोष्ट चुलतभावाला सांगावीशी वाटते. गल्ल्यावर जाऊन बोलणारे आण्णा होते. आई कधी बोलली नाही. तिला ताटातला दोष आण्णांच्या आधी कळायचा, ती हळूच त्यांना सांगायची आणि मग ते जाऊन बोलायचे. मी कॉलेजला असताना मैत्रिणींबरोबर जायचे तेव्हा भाकरी करपलेली आली तरी आम्ही गप खाऊन उठायचो, कारण पोरींनी मालकाला काय बोलायचं. खेड्यातनं शिकायला आलेली, मेसवर जेवणारी मुलं तर महिनाभराचे पैसे आधीच भरलेले असल्यामुळं आणखीच गप. तोंडावर बोलायची जी आपली रीत आहे ना, ती ओळखीच्या, वयानं मोठ्या, तालमीतल्या माणसांची रीत होती. बाकीच्यांना फोन हातात आल्यावर पहिल्यांदा तोंड मिळालं. म्हणून रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना सरसकट भित्रं म्हणू नये.

आता काकांचं. कळकट तेवढी चव जास्त हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय आणि मला त्याचा मनापासून राग येतो. चव येते ती मसाला नीट भाजण्यातनं, मटण ताजं असण्यातनं, तासनतास चुलीजवळ उभं राहणाऱ्या बाईच्या हातातनं. उष्ट्या ताटाच्या टबातनं येत नाही. ज्या कोल्हापुरी बायका घरात दहा-पंधरा जणांचे डबे करतात त्यांचा ओटा जाऊन बघा, आणि त्यांच्या रश्श्याला चव नाही म्हणून दाखवा. 2012 ला इचलकरंजीत दूषित पाण्यामुळं काविळीची केवढी मोठी साथ आली होती, ती आपल्या लोकांनी जवळून बघितलीय, तरी ताट कुठल्या पाण्यात धुतलं हा प्रश्न आपल्याला नाजूकपणाचा वाटतो. मी लॅबमधे रोज जे बघते त्यानंतर मला तो नाजूकपणा वाटूच शकत नाही.

इथं वेल्समधे प्रत्येक हॉटेलच्या, चिप्सच्या दुकानाच्या, बेकरीच्या दारावर हिरवं-काळं स्टिकर असतं, 0 ते 5 मार्क. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस न सांगता येतो, तीन गोष्टी बघतो, अन्न कसं हाताळतात, जागा कशी आहे आणि मालकाकडं स्वच्छतेची काही पद्धत आहे का. चवीला मार्क नाहीत, वागणुकीला नाहीत. नोव्हेंबर 2013 पासून वेल्समधे हे स्टिकर दारावर लावणं सक्तीचं आहे, 1 मिळाला तरी लावायचाच, नाही लावला तर दंड, आणि कुणी फोनवर विचारलं तरी खरं सांगायचं. शेजारी इंग्लंडमधे सक्ती नाही, मग कमी मार्क मिळालेले कशाला लावतील? स्टिकरवर वेल्श आणि इंग्रजी दोन्ही भाषा असतात, ते बघून मला दर वेळी वाटतं की आपल्याकडं हे मराठीत किती छान दिसेल.

माझ्या घराजवळच्या एका टेकअवेला मधे 5 वरून 2 वर आणलं होतं. मी तिथली नेहमीची, मला वाईट वाटलं, पण मी जायचं बंद केलं, सगळ्यांनीच केलं. मालकानं फरशी बदलली, फ्रीज बदलला, पैसे भरून परत तपासणी मागितली आणि काही महिन्यांनी दारावर 5 आला. तशी सोय कायद्यातच आहे, निकाल पटला नाही तर 21 दिवसांत अपील करता येतं, सुधारणा केली की परत तपासायला बोलावता येतं. यात कुणाचा भाचा रात्री झोपेतून उठला नाही आणि कुणाची बदनामीही झाली नाही.

इथलं सगळं आदर्श आहे असं नाही. तपासणीला माणसं कमी पडतात, काही ठिकाणचा 5 जुना झालेला असतो. आणि दारावर 5 असलेल्या ठिकाणी मी आयुष्यातला सगळ्यात वाईट मासा खाल्लाय.

आपल्याकडं काहीच नाही असंही नाही. 2006 चा अन्न सुरक्षा कायदा आहे, लायसन्सचा 14 आकडी नंबर आहे, 2022 च्या जानेवारीपासून तो बिलावर छापायला लागतो. स्वच्छतेच्या रेटिंगची योजनासुद्धा आहे, पण ती ऐच्छिक, ज्याला हवं त्यानं घ्यावं. आणि 14 आकडी नंबर बघून मला काय कळणार की मागं मोरी कशी आहे? लायसन्स आहे एवढंच कळणार.

मी ग्रुपवर हे लिहिलं तर दादा म्हणाला, अगं छोट्या खानावळवाल्याच्या पोटावर पाय येईल, मोठी हॉटेलं टाइल्स लावून 5 घेतील. ही भीती मला खोटी वाटत नाही, म्हणून मार्क देताना टाइल्स बघू नयेत, पाणी बघावं, झाकण बघावं, कच्चं मटण आणि शिजलेलं वेगळं ठेवलंय का बघावं, हात धुवायला साबण आहे का बघावं. याला लाखो रुपये लागत नाहीत. आणि पहिल्या वर्षी दंडाऐवजी शिकवावं.

कोल्हापूरला हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी 2019 ची आठवण करून देते. मटणाचा दर वाढला म्हणून अख्खं शहर पेटून उठलं होतं, बैठका झाल्या, आंदोलन झालं, दर किती असावा यावर विक्रेते आणि गिऱ्हाईक समोरासमोर बसले, मी इथं कार्डिफमधे बसून रात्री उशिरापर्यंत ते सगळं वाचत होते आणि मला आपल्या गावाचा अभिमान वाटला होता. जे गाव किलोमागं काही रुपयांसाठी रस्त्यावर उतरतं ते गाव तेच मटण कुठं धुतलं जातं यासाठी का उतरू नये? तालमीतल्या पोरांनी, मंडळांनी, हॉटेल मालकांच्या संघटनेनंच पुढं होऊन म्हणावं की आम्हाला तपासा आणि आमचे मार्क दारावर लावा. 19 वर्षांच्या पोरानं एकट्यानं फोटो काढून ते ओझं का उचलायचं?

भाच्याला मी वेगळा मेसेज केला होता. त्याला म्हटलं तू लिहिलंस त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि रस्सा एक नंबर होता हेही लिहिलंस ते फार चांगलं केलंस. त्याचं उत्तर आलं, "आत्या, रस्सा खरंच भारी होता गं, म्हणूनच राग आला."

डिसेंबरात येतेय. त्या खानावळीत जायचं ठरवलंय, भाच्याला घेऊन. मालक मला लहानपणापासून ओळखतात, आण्णांची पोरगी म्हणून चहासुद्धा पाजतील. जेवून झालं की गल्ल्यावर जाऊन आधी रश्श्याचं सांगणार, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि मग त्यांना म्हणणार, काका, जरा मागं चला की, मोरी बघू. दादाला विचारलं येतोस काय, तो अजून काही बोललेला नाही. वहिनी येते म्हणाली.