पण बॅटरी नवी आहे!

सकाळी चावी फिरवली आणि गाडीने नुसतं 'टक्' केलं, तर अजिबात विचार करत बसू नका. विचार केला की पैसे वाचतात, आणि पैसे वाचले तर बॅटरीच्या दुकानदाराने पोराची फी कशातून भरायची? सरळ नवी बॅटरी टाका. चार दिवसांत तीही बसली, तर 'पीसच खराब आला' म्हणून भांडा आणि दुसरी आणा. तिसऱ्या खेपेला दुकानदार चहा मागवतो.

नळाला पाणी नसेल तर पिंप बदलायचं, हे घरात कुणी चालवून घेणार नाही. गाडीत बिनधास्त चालतं. गाडीचं पिंप म्हणजे बॅटरी. ते भरणारा, इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारा अल्टरनेटर इंजिनाला चिकटून बसलेला असतो खरा, पण तो सहज दिसत नाही. न दिसणाऱ्यावर आळ कसा घ्यायचा?

डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह पेटलं तर त्यावर गणपतीचा स्टिकर लावा. 'बॅटरी खराब' नव्हे, तर 'चार्जिंग येत नाही' असा त्याचा अर्थ आहे, ही मॅन्युअल लिहिणाऱ्यांनी उठवलेली आवई. सोबत टेंपरेचरचा काटाही चढत असेल तरी थांबू नका. फार तर अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट तुटला असेल, आणि बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो. म्हणजे इंजिनाचं कामही एकाच खर्चात काढता येईल.

व्होल्टेज मोजणारा मल्टीमीटर मात्र घरात येऊ देऊ नका. चारपाचशे रुपयांत मिळणारी ही वस्तू दोन मिनिटांत सगळी रंगत घालवते. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन सुरू केलं की बहुतेक गाड्यांत आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान जातो. तो बाराच्या घरातच राहून खाली सरकत असेल तर चार्जिंग नाही. पंधराच्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळतेय. अल्टरनेटरच्या मागच्या बोल्टवर १४.२ आणि बॅटरीवर १२.४ दिसलं, तर दोष मधल्या वायरचा किंवा गंजलेल्या टर्मिनलचा. झालं, संपलं! मग पार्किंगमध्ये तासभर चर्चा कशावर करायची? (हल्लीच्या काही गाड्या इंधन वाचवायला चार्जिंग मुद्दाम कमी करतात, म्हणून हेडलाइट-ब्लोअर लावून पुन्हा बघावं लागतं. ही पळवाट लक्षात ठेवा, वाद लांबवायला बरी पडते.)

मीटरऐवजी सोसायटीतल्या काकांना बोलवा. ते सांगतील, "इंजिन चालू ठेव आणि बॅटरीची वायर काढ. बंद पडली तर अल्टरनेटर गेला." काकांच्या तरुणपणी गाड्यांना अल्टरनेटरऐवजी डायनमो होते, तेव्हा हे खपून जायचं. आता चालू चार्जिंगमध्ये बॅटरी तोडली की व्होल्टेज क्षणभर चाळिसाच्याही पुढे उसळू शकतं. अल्टरनेटर ठणठणीत होता हे सिद्ध होतं, फक्त ते कळून घ्यायला ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, उरत नाही. काकांच्या गाडीला ईसीयू नव्हता, त्यामुळे त्यांचा अनुभव निर्दोष आहे.

एखादा मेस्त्री म्हणाला, "अल्टरनेटरचे कार्बन ब्रश घासलेत, बदलून देतो, काही शे रुपयांत काम होईल," तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. एवढ्या स्वस्तात काम करणारा माणूस भरवशाचा कसा? रेडिओत इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर 'अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेला असेल' अशी शंका घेऊ नका. आवाज वाढवा.

आणि बेल्टकडे तर बघूच नका. तो फुकट बघता येतो.

एवढं पाळलंत की जुलैतल्या एखाद्या रात्री ताम्हिणी घाटात हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकदम चालू असताना फळ मिळेल. आधी उजेड पिवळा पडेल, मग वायपर रेंगाळतील, मग गाडी. मागून येणारा टेम्पोवाला थांबेल, मोबाइलचा टॉर्च धरून बॉनेटमध्ये वाकेल, दोन बोटांनी बेल्ट दाबेल आणि म्हणेल, "सायब, बेल्ट ढिला झालाय की."

मान ताठ ठेवून त्याला सांगा, "पण बॅटरी नवी आहे!"