कार्यशाळेच्या प्रमाणपत्राने बुरशी जात नाही

१२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची जयंती, म्हणजे ग्रंथपाल दिन. त्या दिवशीची कार्यशाळा म्हणजे समई, स्वागत, दोन व्याख्यानं, जेवण, प्रमाणपत्र. त्या आठवड्यात गोव्यातल्या गावच्या वाचनालयात भिंतीलगतच्या कपाटांना बुरशीचा वास सुटलेला असतो. ती थांबवायचं शिक्षण मे महिन्यात द्यायला हवं होतं, ऑगस्टमध्ये नव्हे.

आपल्याकडे १९९३ पासून सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. पणजीत पाटोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, त्याची मुळं १८३२ पर्यंत जातात. वाचनालयांना मदत करणाऱ्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजना आहेत. पण पुस्तकांसाठी जेवढा विचार होतो, तेवढा ती सांभाळणाऱ्या माणसाचा होत नाही. माझं मत स्पष्ट आहे: वर्षातून एकदा पणजीला बोलावण्यापेक्षा तालुक्यातल्या तालुक्यात, चार-पाच वाचनालयांनी एकत्र बसून, हाताने काम करत शिकावं.

मे महिन्याचा वर्ग दोन तासांत होतो. कपाट भिंतीपासून निदान १५ सेंटिमीटर पुढे ओढायचं, खालचा कप्पा रिकामा ठेवायचा, पुस्तकं ठासून भरायची नाहीत. साधा आर्द्रतामापक टांगायचा आणि काटा ६० टक्क्यांच्या वर राहू लागला की हवा खेळती करायची. मात्र बाहेर मुसळधार पाऊस असताना खिडक्या सताड उघडल्या तर ओलावा आत येतो, हे सांगावं लागतं. डांबरगोळ्या किड्यांसाठी; बुरशीवर त्यांचा भरवसा धरू नये. भिजलेलं पुस्तक ४८ तासांच्या आत पंख्याखाली, पानांमध्ये कोरा शोषक कागद घालून आणि तो वारंवार बदलत वाळवायचं. कडक उन्हात ठेवलं तर पानं पिवळी पडतात, पुठ्ठा वाकडा होतो. बुरशी कोरड्या फडक्याने घासू नका, तिचे बीजाणू सगळ्या खोलीत पसरतात. आधी पुस्तक वेगळं करा, तोंडाला मास्क लावा, पूर्ण वाळू द्या, मग मऊ ब्रशने खोलीबाहेर झाडा.

पुस्तकांच्या यादीच्या संगणकीकरणात तर अर्धी वाट एक्सेलमध्येच अडते. दाखल क्रमांक (वाचनालयाने पुस्तकाला दिलेला) ००४५२ लिहिला की एक्सेल त्याचा ४५२ करतं, आयएसबीएनचं (पुस्तकावर छापलेल्या तेरा अंकी क्रमांकाचं) ९.७८ई+१२ होतं. म्हणून माहिती भरण्याआधीच ते स्तंभ ‘टेक्स्ट’ करायचे. फाइल यूटीएफ-८ सीएसव्ही (देवनागरी टिकवणाऱ्या साध्या मजकुराच्या) प्रकारात साठवली नाही तर देवनागरी शीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. जुनी यादी श्रीलिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोड करून पन्नास नोंदी डोळ्यांनी तपासा. रफार आणि जोडाक्षरं तिथेच तुटतात. मग मार्कएडिट या नोंदी रूपांतरित करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवताना शीर्षक २४५ क्रमांकाच्या रकान्यात, लेखक १०० मध्ये, दाखल क्रमांकाचा बारकोड ९५२ मध्ये. पहिल्याच खेपेला दहा हजार नोंदी कोणी चढवू नये. चुकलं की त्या निस्तरणं जिकिरीचं होतं!

गोव्यात आणखी एक गुंता आहे. एकाच लेखकाचं मराठी पुस्तक, देवनागरी कोंकणी आणि रोमी (रोमन लिपीतलं) कोंकणी पुस्तक वेगवेगळ्या रूपांत शोधलं जातं. लेखकाच्या नावाचं एकच मान्य रूप तालुक्याने ठरवून, बाकीची रूपं ‘पाहा’ (मान्य रूपाकडे वळवणाऱ्या) नोंदीत टाकली नाहीत तर वाचकाला पुस्तक सापडत नाही आणि ‘नाही हो’ ऐकून तो परत जातो. हे काम एकट्याच्या डोक्यात राहून चालत नाही.

एकखांबी वाचनालयाचा माणूस वर्गाला गेला की दार बंद होतं, मग पंचायत विचारते. त्यावर उपाय: शेजारच्या वाचनालयाने त्या दिवसापुरती देवघेव बघावी, आणि हे लेखी ठरवावं. नाहीतर वर्ग दुपारी १ ते ३ ठेवा, गाव तेव्हा तसंही वामकुक्षीत असतं.

ग्रंथपालांच्या व्हॉट्सअॅप गटाबद्दल थोडं. सुप्रभात, वाढदिवस यांनी गट मरतो. प्रश्न विचारताना पडद्याचा फोटो, सॉफ्टवेअरची आवृत्ती, आणि आधी काय करून पाहिलं ते द्यावं. उत्तर मिळालं की विचारणाऱ्यानेच ते सामायिक फाइलमध्ये एका ओळीत लिहावं, म्हणजे तोच प्रश्न पुढच्या महिन्यात नव्याने पडत नाही. वाचकांचे पत्ते-फोन गटावर टाकू नयेत. आणि प्रवासभाडं आयोजकाने द्यावं; गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडण्याहून दक्षिण टोकाच्या काणकोणला स्वखर्चाने शिकायला जा, असं तुटपुंज्या मानधनावर असलेल्याला सांगणं मला पटत नाही.