फंड म्हणजे वाटा नव्हे
यूट्यूब शॉर्ट्सच्या, म्हणजे यूट्यूबवरच्या छोट्या व्हिडिओंच्या, जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा व्हिडिओ करणाऱ्यांना उशिरा मिळाला, पण तोवर शॉर्ट्स फंड, म्हणजे कंपनीने त्यांना पैसे देण्यासाठी ठेवलेला निधी, होता म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही, हे एका लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. टिकटॉकवर बंदी आल्यावर सप्टेंबर २०२० मध्ये शॉर्ट्सची सुरुवात भारतातच झाली. वाटा मात्र १ फेब्रुवारी २०२३ पासून. मधल्या काळात १० कोटी डॉलरचा फंड आला खरा, पण त्यात दर महिन्याला कोणाला किती द्यायचं हे कंपनीच ठरवायची. ते बक्षीस होतं, हक्काचं उत्पन्न नव्हे. २०२२ मध्ये शॉर्ट्समध्ये जाहिराती दिसू लागल्या, तेव्हाही वाटणीची सोय तयार नव्हती. हा क्रम उलटा हवा होता.

हिशोब किचकट आहे, हे लेखकाचं म्हणणं मात्र मान्य. सगळ्यांच्या जाहिरातींचा पैसा एकत्र जमतो, व्ह्यूजच्या प्रमाणात विभागला जातो, व्हिडिओत एक गाणं वापरलं की त्यातला अर्धा संगीताच्या हक्कांसाठी वळतो आणि उरलेल्यातले ४५ टक्के आपले. आम्ही तिघं मिळून शेतीवरचे छोटे व्हिडिओ करतो. हे गणित कळल्यापासून गाणी बंद केली, स्वतःच्या आवाजातच बोलतो. नियम आधी माहीत असले की माणूस कामाची आखणी करतो. म्हणून उशीर होणारच असेल, तर निदान वाटणीची पद्धत पहिल्या दिवशी जाहीर करा.