आकाश आपल्या एकट्याचं कसं मानावं?

विमानातला रेडिओ शोभेसाठी असतो, हे आधी समजून घ्या. ज्या धावपट्टीला टॉवर नाही, तिथे बोलायचं तरी कुणाशी? आवाज पार कमी करून ठेवा.

बोलायची हौस असेलच, तर माइक दाबून मग विचार करायला बसा. अंऽऽ करा, मित्राची ख्यालीखुशाली विचारा. तेवढ्यात दुसरा कुणी बोलला, तर दोन आवाज मिळून नुसती किंकाळी ऐकू येते. संगीत समजा.

मान वळवू नका, लचक भरते.

बाहेर बघण्यापेक्षा आसपासची विमानं दाखवणाऱ्या टॅबलेटमध्ये बघा. ट्रान्सपाँडर, म्हणजे आपला ठावठिकाणा आपोआप कळवणारं यंत्र, नसलेलं ग्लायडर त्यात दिसत नाही, म्हणजे ते आकाशातही नसतं. शिवाय आकाश फार मोठं आहे. 1956 साली ग्रँड कॅन्यनवरही ते एवढंच मोठं होतं. तिथे दोन प्रवासी विमानं आदळून 128 माणसं गेली, पण आपली गोष्ट वेगळी.

आता सर्किट, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीभोवती घालायचा ठरलेला वळसा. आधी धावपट्टीला समांतर डाउनविंड, मग आडवा बेस, मग थेट धावपट्टीच्या रेषेत फायनल, हे सगळं रिकामटेकड्यांसाठी. तुम्ही थेट घुसा. गेल्या रविवारी एका गृहस्थांनी हाच आदर्श घालून दिला. मी डाउनविंडला बोललो, बेसला बोललो, फायनलला वळल्यावर पुन्हा बोललो. लँडिंग लाइट चालू. माझ्या विमानाचे पंख छताला, म्हणजे वरचं मला दिसत नाही. त्यांचे पोटाला, म्हणजे खालचं त्यांना दिसत नाही. काय जोडी जमली! 300 फुटांवर असताना खाली जमिनीवर माझ्या सावलीकडे दुसरी एक सावली सरकताना दिसली. वर जायची सोयच नव्हती. पॉवर दिली आणि खालूनच उजवीकडे निसटलो.

उतरल्यावर महाशय म्हणाले, "अहो, मला कुणी दिसलंच नाही."

दिसेल कसं? धडकेच्या वाटेवरचं विमान काचेत सरकत नाही हो! ठिपक्यासारखं एका जागी चिकटून राहतं आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम फुगतं. म्हणून तर आकाशाचे दहा-दहा अंशांचे तुकडे पाडून, प्रत्येकावर क्षणभर नजर थांबवून बघायला शिकवलं होतं. झोपला होतात का तेव्हा? 100-100 नॉटने, म्हणजे ताशी 100-100 सागरी मैलांनी, समोरासमोर येणारी दोन विमानं एक सागरी मैलाचं अंतर 18 सेकंदांत संपवतात. त्यातले बाराएक सेकंद समोरचं विमान ओळखून आपलं विमान वळवण्यातच जातात. आणि पंखाखाली लपलेलं विमान कितीही डोळे फाडले तरी दिसणार नाही, त्यासाठीच ते रेडिओचं बटण दिलंय. 'फायनलला आहे' एवढं म्हणायला तीन सेकंद लागतात. तेही जड झाले?

त्या दिवशी माझ्या शेजारी विद्यार्थी होता. नववं उड्डाण. त्याने विचारलं, "सर, ते बोलले का नाहीत?" मला उत्तर सुचलं नाही. तुम्हीच येऊन द्या त्याला. आणि येताना फ्रीक्वेन्सी लावून या.