पाकिटावरचा हिरवा शब्द आणि त्यामागचा पुरावा

खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर ‘पर्यावरणपूरक’, ‘शाश्वत’, ‘निसर्गस्नेही’ हे शब्द आता इतक्या सहजपणे छापले जातात की, त्यांच्यामागे काही मोजमाप असावे ही अपेक्षाच पुसली जात आहे. मला याची मनापासून चीड येते, कारण हे शब्द वाचून चार पैसे जास्त मोजणारा ग्राहक पृथ्वीची काळजी असलेला असतो आणि फसवणूक नेमकी त्याच्या सद्भावनेची होते.

प्लॅस्टिकऐवजी कागद वापरला की आतला पदार्थही हिरवा ठरवला जातो. प्रत्यक्षात बहुतेक अन्नपदार्थांमुळे पर्यावरणावर येणारा मोठा भार शेतावरच पडलेला असतो. गुरांच्या पचनक्रियेतून आणि पाणी साचलेल्या भातखाचरांतून निघणारा मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू, नत्रयुक्त खतांमुळे जमिनीतून सुटणारा तसाच नायट्रस ऑक्साइड, सोया, पामतेल किंवा कुरणांसाठी तोडलेले जंगल, या सगळ्यांपुढे वेष्टनाचा वाटा सहसा लहान असतो. जे बदलणे सोपे होते तेवढे बदलायचे आणि उरलेल्याबद्दल मौन पाळायचे, हे मला उघड खोटे बोलण्याइतकेच गंभीर वाटते.

दुसरा प्रकार ‘निव्वळ शून्य’ उत्सर्जनाचा, म्हणजे जेवढे वायू हवेत सोडले तेवढे झाडे लावण्यासारख्या उपायांनी भरून काढले, या दाव्याचा. आर्ला या दुग्धकंपनीच्या अशा जाहिरातीला स्वीडनमधील न्यायालयाने २०२३ मध्ये मनाई केली, कारण या उत्पादनामुळे हवामानावर काहीच भार पडत नाही, असा तिचा अर्थ सामान्य ग्राहक घेतो. दूध काढताना मिथेन हवेत गेलेला असतोच. दूर कुठेतरी लावलेल्या झाडांच्या हिशेबाने तो परत येत नाही, आणि ती झाडे पुढे टिकतील याची खात्री पाकीट देऊ शकत नाही. डेन्मार्कमध्ये डॅनिश क्राउन कंपनीने डुकराचे मांस ‘हवामान-नियंत्रित’ म्हणून विकले होते; तो दावाही मार्च २०२४ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने दिशाभूल करणारा ठरवला. मात्र तोवर ती जाहिरात आपले काम करून गेली होती.

म्हणूनच पुरावा विक्रीच्या आधी मागितला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार २७ सप्टेंबर २०२६ पासून पुराव्याविना केलेले मोघम हिरवे दावे, भरपाईच्या हिशेबावर आधारलेले ‘कार्बन-तटस्थ’ उत्पादनांचे दावे आणि एका भागाचा गुण संपूर्ण उत्पादनाला चिकटवणे या गोष्टींना बंदी आहे. भारतातही ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दाव्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पण दावा बाजारात येण्यापूर्वीच त्रयस्थाकडून तपासून घेण्याची सक्ती करणारा युरोपचा मार्च २०२३ चा प्रस्ताव जून २०२५ मध्ये अडकला. लहान उद्योगांवर खर्चाचा बोजा पडेल, हा त्यावरचा आक्षेप खरा आहे आणि त्यांना सवलत जरूर द्यावी. परंतु ज्या कंपन्यांना जाहिरातीवर अफाट खर्च करणे परवडते, त्यांना तपासणीचा खर्च परवडत नाही, हे मला पटत नाही.