भुशीचा पेला

आम्ही मोठे हुशार. गव्हाच्या पिठातला कोंडा चाळून टाकतो, पोळ्या मऊसूत लाटतो आणि मग पोट साफ होत नाही म्हणून औषधाच्या दुकानातून दुसऱ्याच एका बीचं साल, म्हणजे भुसी, पैसे मोजून आणतो. हेच ते इसबगोल. फारसीत 'अस्प' म्हणजे घोडा आणि 'गोल' म्हणजे कान. बी घोड्याच्या कानासारखी दिसते म्हणे. पण हा घोडा पाण्याशिवाय तसूभर हलत नाही.

पेलाभर, म्हणजे 250 मिली पाण्यात एक चमचा भुसी टाकायची, ढवळायची आणि लगेच घटाघट प्यायची. मध्येच फोन वाजला, तर परत येईस्तोवर पेल्यात खळ तयार! तिने निवडणुकीचं पोस्टर झकास चिकटेल, घशाखाली मात्र ती उतरणार नाही. कोरडी भुसी तोंडात टाकायचं शौर्य तर नकोच. ती घशातच फुगून अडकते.

आतड्यात मात्र हाच चिकटपणा कामी येतो. भुसी पाणी धरून ठेवते, मल मऊ आणि मोठा होतो, आतडं ताणलं जातं आणि ढकलायला लागतं. जुलाबातलं जादा पाणीही तीच शोषते, म्हणजे दोन्ही पक्षांत वजन! गव्हाचा कोंडा विरघळत नाही, तो आतड्याच्या अस्तराला डिवचत पुढे जातो. म्हणून तो जाडाच हवा. दळून बारीक केला की त्याचा दरारा संपला.

खरी परीक्षा धीराची. रात्री एक चमचा घेतला, सकाळी सामसूम, म्हणून दुपारी तीन चमचे! अहो, परिणामाला 12 ते 72 तास लागतात. त्यातच उत्साहाने मटकी-राजम्याचा मारा केला, की आतड्यातले जिवाणू त्या मेजवानीवर तुटून पडतात आणि लिफ्टमध्ये चार माणसं असताना आभार मानतात. उसळ आठवड्या-आठवड्याने वाढवावी, पाणीही. बाकीची औषधं भुशीपासून निदान दोन तास लांब. रक्त दिसलं, किंवा पोट फुगून उलट्या होऊ लागल्या, तर पेला बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

चहा-नाश्त्यानंतर आतडं आपोआप हलतं, ती वेळ वर्तमानपत्रात घालवू नये. कमोडवर गुडघे कमरेच्या वर आले, की वाट सरळ होते आणि कुंथावं लागत नाही. त्यासाठी पायाखाली वीतभर उंचीचं काहीतरी हवं. चौरंग अगदी मापात बसतो. पण घरात सत्यनारायण होत असेल, तर मोरीतलं प्लास्टिकचं स्टूलच घ्या.